नावानिशी

अधारताल, जबलपूर
९ जानेवारी २०२३

बेबीताई,

नमस्कार. परवा फोनवर मी बराच वेळ बोलत होते आणि तुम्ही छान हुंकार देत होतात. शेवटी तुम्ही विचारलंत, "मग मुलाकडचे काय म्हणाले?" तेव्हा कळलं की तुमचं कानातलं यंत्र पुन्हा रुसलं आहे. मी कुठल्याही मुलाबद्दल बोलत नव्हते. आमच्या सलोनीचं लग्नबिग्न काही नाही, ती इंदूरला परीक्षेत बुडाली आहे. म्हणून आता लिहूनच सांगते. तुमच्या धाकट्या भावाला, अच्युतला, हे सगळं ठाऊक आहे, पण त्याच्याकडून तुम्हाला कळलं तर त्यात निम्मं कारखान्याचं राजकारण मिसळलेलं असेल.

मी एक काम हातात घेतलं आहे. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मी पुण्याच्या कंपनीत माहितीपुस्तकं लिहीत असे, ते तुम्हाला आठवत असेल. अच्युतची इथं बदली झाली आणि ते सुटलं ते सुटलंच. आता पुन्हा तसलंच काम आहे, फक्त ते कुणा कंपनीचं नाही.

संगणक चालवणारी जी यंत्रणा असते, तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. हा गाभा जगभरातली माणसं मिळून लिहितात, कुणीही त्यात भर घालू शकतं. तो वेगवेगळ्या जातीच्या प्रोसेसरांवर कसा चालतो, ह्याची माहितीपत्रं त्याच्यासोबतच असतात. पण ती वर्षानुवर्षं ज्याला जशी सुचली तशी, एकाच मोठ्या फोल्डरात पडत गेली. तुमच्या दिवाणातल्या पेटीसारखं, स्वेटरखाली तांब्याचं तपेलं. आता सगळ्यांचं ठरलं आहे की एक नवा सामाईक फोल्डर करायचा आणि त्यात प्रत्येक प्रोसेसर-घराण्याला स्वतंत्र कप्पा द्यायचा. त्यातलं एक जुनं घराणं मी मागून घेतलं. त्याचे कागद नव्या कप्प्यात हलवायचे, आत एकमेकांचे दिलेले पत्ते बदलायचे, अनुक्रमणिका नीट लावायची.

हे सगळं ईमेलनं चालतं. एकेक बदल वेगळ्या पत्रात लिहायचा, का केला ते सांगायचं, खाली नाव घालून सही करायची. मग त्या घराण्याचे राखणदार असतात, ते तपासून आत घेतात किंवा परत पाठवतात. एकदा आत गेलं की त्या बदलासोबत करणाऱ्याचं नाव कायमचं राहतं, नंतर कुणालाच पुसता येत नाही. ताई, मला ते नाव तिथं हवं आहे. इतकी वर्षं मी जे काही केलं ते संध्याकाळपर्यंत खाऊन तरी संपलं, नाहीतर पुन्हा मळलं. नवे बदल खेपेखेपेनं आत घेतात, आणि पाडव्याच्या आसपास ह्या खेपेचं दार बंद होतं. त्याआधी जायला हवं.

समोर मटाराचा ढीग आहे. अर्धा सोलून तुमच्यासाठी वाळवते.

आपली,
पूर्णिमा


छिंदवाडा
१६ जानेवारी

पूर्णिमा, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आमच्या ह्यांना, बाबारावांना, वाचून दाखवलं. ते म्हणाले, सरकारी काम दिसते, पेन्शन आहे का विचार. मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

मला प्रोसेसर-बिसेसर समजत नाही, पण सामान हलवणं समजते. तू तेव्हा आमच्या घरात यायची होती, म्हणून तुला माहीत नाही. आम्ही चेरीतालचं भाड्याचं घर सोडून अधारतालला आलो ना, तेव्हा आईनं समोरच्या दारावर खडूनं नवीन पत्ता लिहिला, सगळ्या नातेवाईकांना कार्डं टाकली. आई म्हणजे एकदम व्यवस्थित बाई. पण तुळशीराम दूधवाला यायचा मागच्या गल्लीतून. त्याला समोरचं दार कशाला दिसते? त्यानं मागच्या दाराला कुलूप पाहिलं आणि ओमतीच्या बाजारात सांगून दिलं की देवपुजारी मास्टरजी नहीं रहे. दुसऱ्या आठवड्यात बाबा भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली हात जोडून उभीच राहिली.

म्हणून सांगून राहिली, समोरच्या दारानं कोण येते ते सगळेच पाहतात. मागच्या गल्लीतून कोण येते ते पाय. तुझ्या त्या कागदांकडे पण कोणीतरी मागून येतच असेल.

बाकी नाव कायमचं राहील, हे वाचून मला फार बरं वाटलं. पूर्णिमा देवपुजारी. मी ठेवलेलं नाव आहे, चांगलंच दिसेल.

मटार जास्त वाळवू नको, कडक होतात.

बेबी


अधारताल
२७ जानेवारी

बेबीताई,

तुमचा तुळशीराम सापडला.

तुमचं पत्र आलं तेव्हा माझं काम, माझ्या मते, संपलं होतं. समोरच्या दारानं येणारे सगळे पत्ते मी बदलले होते. पाठवणारच होते. पण तुमचं वाचून हसता हसता थांबले आणि मुद्दाम शोध घेतला. तर ह्याच कागदांची चिनी भाषेत भाषांतरं कुणी कुणी करून ठेवली आहेत, पार दुसऱ्या फोल्डरात. आणि त्यातलं प्रत्येक पान वर सांगतं आहे, मूळ कागद अमुक ठिकाणी पाहा. ते ठिकाण म्हणजे चेरीताल. मी तशीच पाठवली असती तर तिकडच्या वाचकांना कुलूप दिसलं असतं आणि सगळी पानं एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामनं माझ्या नावानं खडे फोडले असते. चिनी मला वाचता येत नाही, पण पत्ता कुठल्याही भाषेत ओळखू येतो. ते सगळे बदलले. त्याचं वेगळं पत्र केलं.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपल्यावर पाठवलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, एका बाजूला तिळाचं ताट. बोट त्या बटणावर ठेवलं आणि उचललं, पुन्हा ठेवलं. अच्युत चहा घेत होता. म्हणाला, "दाब ना, बॉम्ब आहे का तो?" बॉम्बच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसानं असं म्हणावं. मी दाबलं.

आता वाट पाहते आहे. राखणदार कुठल्याशा थंड देशात राहतात, स्वभाव कोरडा पण न्यायी आहे असं इतरांना दिलेल्या उत्तरांवरून वाटतं. मी ती उत्तरं जुन्या पत्रव्यवहारातून वाचत बसते. ह्या वयात कुणाच्या तरी पत्राची अशी वाट पाहताना मला स्वतःचंच हसू येतं, आणि खरं सांगू, आवडतंही.

आपली,
पूर्णिमा


छिंदवाडा
८ फेब्रुवारी

पूर्णिमा, आशीर्वाद.

झालं का? आलं का उत्तर? तू काहीच लिहीत नाहीस, म्हणून मीच लिहून राहिली.

इथं रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चाललं. मी सगळ्यांना सांगून दिलं की आमची पूर्णिमा संगणकाच्या गाभ्यात काम करते, चीनपर्यंत तिचं काम जाते. प्रणोती आहे ना समोरची, तिची सून बँकेत आहे म्हणून फार बोलत असते. तीच मग विचारते कशी, नाव येणार आहे तर दाखवा. मी म्हटलं, येऊ द्या, छापून भिंतीवर लावते.

तुला आठवते का, तुझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अच्युतच्या हातात अंगठी दिली नाव काढायला? त्याला पूर्णिमा नीट काढता येईना. अर्धं काढून म्हणतो, ताई, सोपं काही नाही का? मीच त्याचा हात धरून काढलं. तू मान खाली घालून हसून राहिली होती. मी दोन महिने विचार करून ते नाव ठेवलं होतं. आता तेच चीनला जाईल. चलो, अच्छा हुआ.

उत्तर आलं की पहिले मला कळव. प्रणोती रोज खिडकीत उभी राहते.

बेबी


अधारताल
१५ फेब्रुवारी

बेबीताई,

उत्तर आलं. काम चांगलं आहे म्हणतात. चिनी पानांचं लक्षात ठेवल्याबद्दल मुद्दाम दोन ओळी लिहिल्या आहेत. एक किरकोळ अडचण आहे, कागदपत्राची, ती सोडवते आहे. तोवर प्रणोतीबाईंना खिडकीतच राहू द्या, आणि आणखी कुणाला काही सांगू नका.

अच्युत येत्या आठवड्यात छिंदवाड्याला येतो आहे, त्याच्या मित्राच्या घरचं लग्न आहे. त्याच्याबरोबर वाळवलेले मटार आणि खव्याची जिलबी पाठवते. जिलबी बाबारावांना एकच द्या, अच्युत दोन सांगेल.

इथं थंडी ओसरली. गच्चीवर बसता येतं. बाकी विशेष काही नाही.

आपली,
पूर्णिमा


छिंदवाडा
२६ फेब्रुवारी

पूर्णिमा,

आशीर्वाद नंतर देते. आधी हे सांग, मला काहून नाही कळवलं?

तुझं पत्र वाचून मी समजले की घरात काही बिनसलं. 'बाकी विशेष काही नाही' असं तू कधी लिहीत नाहीस. तुझ्या पत्रात बाकी सगळं विशेषच असते. म्हणून अच्युत आला तसा त्याला बसवला आणि विचारलं, भांडलास का तिच्याशी? तो जिलबी खाता खाता सगळं बोलून गेला. त्याच्या पोटात काही राहत नाही, लहानपणापासून.

तर असं झालं म्हणे. तुझा ईमेल अच्युतनं काढून दिला होता, त्याच्यावर नाव पूर्णिमा देवपुजारी. आणि खाली सही करताना तुझा हात आपोआप लिहून गेला मेघना पांढरीपांडे, माहेरचं, पुण्याच्या ऑफिसातलं. तपासणाऱ्या मशीननं ओरड केली की पाठवणारी एक आणि सही करणारी दुसरी. मग त्या थंड देशातल्या माणसानं विचारलं, हे काम पूर्णिमाबाईंचं आहे की मेघनाबाईंचं? दोघींचं असेल तर दोघींनी सही करावी, कोणा एकीचं श्रेय दुसरीला जायला नको.

हे ऐकून मी इतकी हसले की यंत्र कानातून खाली पडलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, आमच्याकडे एकाच बाईचे दोन जन्म होतात. अच्युत म्हणे, ती दहा दिवस झाले उत्तरच लिहीत नाही. मी म्हटलं, काहून? तर म्हणतो, ताई, तुझ्यामुळे. तिला मेघना लिहायचं आहे आणि तू भिंतीवर पूर्णिमा लावायला बसली आहेस.

आता ऐक. माफी-बिफी मी मागणार नाही, कारण नाव मी हौसेनं ठेवलं होतं. तुला घरात घ्यायचं तर काहीतरी माझ्या हातचं द्यावं, असं वाटलं. साडी तर सगळेच देतात. पण तू ते नाव घरात घालायला घेतलं आणि बाहेर जाताना आपलं घातलं, हे माझ्या कधी ध्यानातच नाही आलं. आणि ज्या हातानं हे काम केलं तो हात मेघनाचा आहे. त्यानं न विचारता आपलं नाव लिहिलं ना? मग मी कोण अडवणारी.

मलाच पाय. सासरी माझं अंजनी ठेवलं. कागदावर सगळीकडे अंजनी घाटे. घरात मला कोणी अंजनी म्हटलं नाही, मी बेबीची बेबीच राहिली. आणि आईनं ठेवलेलं तिसरंच होतं, ते शाळेच्या दाखल्याबरोबर गेलं. तुला ते माहीतही नसेल. प्रमोदिनी. आज लिहून पाहिलं तर दोन-तीनदा चुकलं.

त्या माणसाला लिही, काम मेघनाचं आहे. आजच लिही. पाडवा काही थांबणार नाही.

बेबी

ता.क. जिलबी बाबारावांनी चार खाल्ल्या. अच्युतनं वाढल्या.


अधारताल
५ मार्च

बेबीताई,

तुमचं पत्र वाचून मी गच्चीवर गेले आणि थोडा वेळ तिथंच बसले. खाली सलोनी, होळीसाठी आलेली, फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "मम्मी रो रही है कि हँस रही है, पता नहीं." दोन्ही चाललं होतं.

तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून गप्प होते, हे खरं. पण त्याहून खरं असं की मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हतं. पूर्णिमा हे नाव मला परकं कधीच वाटलं नाही. त्या नावानं मला तुमच्या आईंनी हाक मारली आहे, सलोनीच्या वाढदिवसाची आमंत्रणं त्या नावानं गेली आहेत. पण त्या दुपारी खाली सही करताना मी विचार केला नव्हता, आणि विचार न करता जे लिहिलं गेलं ते मेघना होतं. राखणदारांनी विचारेपर्यंत मला वाटत होतं, ती पुण्यातच राहिली.

मी त्यांना लिहिलं की आम्ही दोघी नाही, एकच आहोत, आमच्याकडे लग्नात बाईचं नाव बदलायची रीत आहे, आणि हे काम मेघना पांढरीपांडेचं समजावं. ईमेलवरचं नावही बदलून घेतलं. अच्युतनंच बदलून दिलं. तो म्हणाला, "आमच्या घराण्याचं नाव गेलं म्हणायचं ह्यातून." चिडवत होता, पण थोडं लागलंही असावं, कारण संध्याकाळी मटार-पोहे त्यानं स्वतः केले आणि मीठ घालायला विसरला.

राखणदारांचं एका ओळीचं उत्तर आलं: ठीक, पुन्हा पाठवा, ह्याच खेपेत घेतो.

आता एक परवानगी मागायची आहे. ह्या कामात अशी रीत आहे की कल्पना दुसऱ्या कुणी सुचवली असेल तर त्या माणसाचं नाव बदलाच्या पत्रात वेगळ्या ओळीवर लिहायचं, 'सुचवणार' म्हणून. पण त्या माणसाला विचारल्याशिवाय लिहायचं नाही. चिनी पानांचं पत्र तुमच्या मागच्या गल्लीमुळे झालं आहे. ते मी तुमच्या नावाशिवाय पाठवणार नाही. ही काही गंमत नाही, तो नियमच आहे.

तर ताई, कुठलं नाव लिहू? बेबी चालेल का, मला ठाऊक नाही, विचारावं लागेल. अंजनी घाटे तुमच्या सगळ्या कागदांवर आहे. पण ठरवायचं तुम्ही. कळेपर्यंत मी थांबते, पण फार थांबवू नका.

तुमची,
मेघना


छिंदवाडा
११ मार्च

मेघना, आशीर्वाद.

हे लिहिताना पेन एकदा 'पू' कडे गेलं, पण वळवलं. सवय होईल. घरी आलीस की मी पूर्णिमाच म्हणणार, ते वेगळं.

तुझं पत्र होळीच्या दिवशी आलं. बाबाराव रंगात भिजून आले होते, त्यांना मी म्हटलं, माझं नाव संगणकाच्या गाभ्यात जाणार आहे, कोणतं लिहू? ते म्हणाले, अंजनी घाटे, दुसरं कोणतं आहे? मी म्हटलं, तीन आहेत. ते पुसायचा टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. म्हणतात, तिसरं मला कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलं नाही. मग त्यांनी विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आता विचारलं, पण विचारलं. मोठ्यानं दोनदा म्हणून पाहिलं त्यांनी. मला यंत्राशिवाय ऐकू आलं.

सगळा दिवस विचार केला. बेबी नको. बेबी तर लाडाचं आहे, ते घरातच बरं. अंजनी घाटे गॅसच्या पासबुकावर आहे, तिथं ते कामाचं आहे, राहू दे. पण मागच्या गल्लीचं ज्या मुलीनं पाहिलं ती अंजनी नव्हती. ती परकर नेसून मागच्या ओट्यावर बसायची आणि तुळशीरामचं दूध मोजून घ्यायची. तिला शाळेत प्रमोदिनी म्हणायचे.

म्हणून लिही, प्रमोदिनी देवपुजारी. आडनाव बाबांचंच. अच्युतला सांग, घराण्याचं नाव कुठं गेलं नाही, माझ्याकडे होतं.

नीट लिहिजो. चुकलं तर पुसता येत नाही म्हणालीस ना?

बेबी


अधारताल
२४ मार्च

प्रमोदिनीताई,

पाडव्याच्या दिवशी गेलं.

सकाळी गुढी उभारून झाली, अच्युत श्रीखंडाचा चक्का फिरवत होता, आणि ईमेलची घंटी वाजली. राखणदारांनी आमची सगळी पत्रं आत घेतली होती. 'आमची' लिहिलं आहे, कारण त्यांनीही दोघींचे आभार मानले आहेत, ह्या वेळी दोन खऱ्या वेगवेगळ्या बायकांचे.

पाडव्यासाठी सलोनीही घरी आली आहे; आम्ही तिघं ते पान उघडून बसलो. जुन्या फोल्डरात त्या घराण्याचा एकही कागद उरला नाही. नव्या कप्प्यात सगळे आहेत, ओळीनं, आणि एकमेकांचे पत्ते बरोबर सांगतात. मी एकेक उघडून पाहिला. मग चिनी पानं उघडली, वरचा पत्ता दाबला, आणि दार उघडलं. सलोनीनं विचारलं, "इसमें इतना खुश होने वाली क्या बात है?" मी तिला बदलाची नोंद उघडून दिली आणि तिनं खाली वाचलं, लिहिणार मेघना पांढरीपांडे, सुचवणार प्रमोदिनी देवपुजारी. ती म्हणाली, ह्या दोघी कोण? मी सांगितलं. मग तिनं माझ्याकडे पाहून, तिच्या त्या अडखळत्या मराठीत विचारलं, "आई, तू मेघना आहे, हे मला कोणीच काहून नाही सांगितलं?"

तिला सगळं सांगता सांगता श्रीखंड पातळ झालं. अच्युत मध्येमध्ये दुरुस्त्या करत होता, सगळ्या चुकीच्या.

ते पान छापून सोबत पाठवते आहे. इंग्रजीत आहे, पण तुमचं नाव कुठं आहे तिथं पेन्सिलीनं खूण केली आहे. प्रणोतीबाईंच्या खिडकीसमोरची भिंत कोणती, ते तुम्हालाच ठाऊक.

राखणदारांनी शेवटी विचारलं आहे की शेजारचं आणखी एक घराणं असंच पसरलं आहे, घेणार का? मी हो म्हटलं. उन्हाळ्यात तुम्ही इकडे येता तेव्हा थोडे दिवस जास्त काढून या. त्या घराण्याच्या मागच्या गल्ल्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.

तुमची,
मेघना